देवाला आपल्या खोट्याची गरज आहे का?

आजचं वाचन: ईयोब १३:१-१२ आणि रोमकरांस ३:५-८



या आठवड्यात आपण ईयोबाच्या पुस्तकात आहोत. आजच्या भागात ईयोब आपल्या मित्रांना एक प्रश्न विचारतो. साध्या भाषेत सांगायचं तर तो म्हणतो, तुम्ही देवाची बाजू घेताय ना, मग त्यासाठी खोटेपणा केला तरी चालेल असं तुम्हाला वाटतं का? आणि पुढे तो बजावतो, की देवाने तुमची झडती घेतली तर ते तुम्हाला जड जाईल.

विचार करा, हे मित्र काही देवाचे वैरी नव्हते. अलीफज, बिल्दद आणि सोफर ही देवाला मानणारी माणसं. सात दिवस आणि सात रात्री ते ईयोबाजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले होते. पण त्यांच्या डोक्यात एक हिशोब पक्का होता: देव न्यायी आहे, त्यामुळे चांगल्या माणसावर असं संकट येऊच शकत नाही, म्हणजे ईयोबाने नक्की काहीतरी पाप केलंय. पाप तर दिसत नव्हतं. मग बाविसाव्या अध्यायात अलीफज सरळ यादीच काढतो. तू तहानलेल्याला पाणी दिलं नाहीस, भुकेल्याला भाकर दिली नाहीस, विधवांना रिकाम्या हाताने परत पाठवलंस. यातलं काहीच घडलेलं नव्हतं. देवाचं नाव राखायचं म्हणून अलीफजने पुरावा तयार केला.

आज मला याच गोष्टीवर मनन करायचं आहे. देवाच्या बाजूने तयार केलेला पुरावा.

परवा आमच्या युवक संघात एका मुलीने मोबाईल पुढे केला. तांबड्या समुद्राच्या तळाशी फारोच्या रथांची चाकं सापडली, असा तो व्हिडिओ. तुमच्यापैकी बहुतेकांना तो कधी ना कधी आलाच असेल. त्याचे भाऊबंदही पुष्कळ आहेत. अरारात पर्वतावर सापडलेलं नोहाचं तारू आहे, यहोशवाच्या काळातला हरवलेला दिवस शोधून काढणारा नासाचा संगणक आहे. त्या चाकांना कोणत्याही रीतसर उत्खननाने दुजोरा दिलेला नाही. तारू सापडल्याची बातमी पुन्हा पुन्हा येते, पण पडताळणीत टिकत नाही. आणि संगणकाची गोष्ट तर खुद्द नासानेच नाकारली आहे. मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण ताई, हे बघून माझ्या आजीचा विश्वास वाढला. मग खरं असो नसो, काय बिघडलं?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खूप जणांच्या मनात तो असतो, ती मुलगी फक्त मोठ्याने बोलली. आणि गंमत म्हणजे हाच प्रश्न पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात उचलला आहे. माझ्या खोटेपणामुळे देवाचं खरेपण जास्त उठून दिसत असेल, तर मग मला दोष का द्यायचा? चांगलं निघावं म्हणून वाईट का करू नये? पौल यावर लांबलचक वाद घालत नाही. असं म्हणणाऱ्यांचा न्याय योग्यच होईल, एवढं सांगून तो पुढे जातो.

पण आपण जरा थांबू या, आणि खरंच काय बिघडतं ते बघू या.

बाजारात विकले गेलेले चामड्याचे तुकडे

१९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळच्या कुमरान इथे मेंढपाळांना एका गुहेत मातीच्या रांजणांमध्ये जुन्या गुंडाळ्या सापडल्या. पुढे एकूण ११ गुहांमधून ९०० च्या वर हस्तलिखितांचे अवशेष मिळाले. याच डेड सी स्क्रोल्स. त्यातली यशयाची मोठी गुंडाळी ७ मीटरपेक्षा लांब आहे आणि ती येशूच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधीची आहे. त्याआधी आपल्याकडे यशयाची जी इब्री हस्तलिखितं होती, त्यांच्यापेक्षा ही सुमारे हजार वर्षं जुनी. आणि ताडून पाहिल्यावर दिसलं, की अक्षरांचे, शब्दांचे फरक आहेत, काही ठिकाणी ओळीही कमीजास्त आहेत, पण पुस्तक तेच आहे. केवढा मोठा आशीर्वाद!

पण जिथे आशीर्वाद तिथे बाजारही आला. २००२ नंतर पुरातन वस्तूंच्या बाजारात अचानक नवे नवे तुकडे दिसू लागले. बोटभर लांबीचे, त्यावर पवित्र शास्त्रातल्या वचनांची काही अक्षरं. श्रद्धाळू आणि श्रीमंत ख्रिस्ती लोकांनी, संस्थांनी ते भरपूर पैसे मोजून घेतले. वॉशिंग्टनमध्ये २०१७ साली उघडलेल्या 'म्युझियम ऑफ द बायबल'कडे असे १६ तुकडे होते. २०१८ मध्ये त्यातले ५ खोटे असल्याचं तपासणीत निघालं. मग संग्रहालयाने सगळेच तुकडे स्वतंत्र तज्ज्ञांकडे दिले. मार्च २०२० मध्ये अहवाल आला: सोळाच्या सोळा बनावट.

ती बनवाबनवी कशी उघडी पडली ते ऐकण्यासारखं आहे. खऱ्या गुंडाळ्या बहुतेक चर्मपत्रावर, म्हणजे लिहिण्यासाठी खास तयार केलेल्या पातळ कातड्यावर आहेत. हे तुकडे मात्र जाड चामड्याचे होते. चामडं जुनंच होतं, कदाचित एखाद्या जुन्या चपलेचं किंवा जोड्याचं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर दिसलं, की शाई चामड्याच्या भेगांमध्ये उतरली आहे. माणूस नव्या कातड्यावर लिहितो आणि मग कातडं वर्षानुवर्षांनी तडकतं, तेव्हा भेग अक्षराला चिरून जाते. इथे उलटं होतं. आधी भेगा, मग अक्षरं. म्हणजे कुणीतरी जुन्या चामड्यावर आपल्या काळात देवाचं वचन लिहिलं होतं, आपल्यासारख्यांना विकण्यासाठी.

त्या संग्रहालयाबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. तपासणी त्यांनी स्वतःहून मागितली आणि निकाल स्वतःहून जाहीर केला. लाजिरवाणं होतं, पण केलं. याच संग्रहालयामागच्या कुटुंबाच्या कंपनीने त्याआधी, २०१७ मध्ये, इराकमधून आलेल्या हजारो वस्तू घेतल्याच्या प्रकरणात अमेरिकी सरकारला ३० लाख डॉलर भरून त्या वस्तू सोडून दिल्या होत्या. पवित्र शास्त्राचा गौरव व्हावा, हाच तर हेतू होता! पण पुरावा हवाच, लवकर हवा, अशी भूक लागली की माणूस 'हे कुठून आलं?' हा साधा प्रश्न विचारायचा राहतो. आणि ज्या देशात युद्ध चालू आहे, तिथली जमीन रातोरात खणून वस्तू पळवणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळतं. चोरी करू नको असं सांगणाऱ्या पुस्तकाच्या नावाने चोरीच्या मालाला भाव येतो.

प्रियांनो, काय बिघडतं, याचं हे पहिलं उत्तर. खोट्या पुराव्याची किंमत कुणीतरी दुसराच मोजत असतो.

दुसरं उत्तर अधिक जवळचं आहे. माझ्या ओळखीचा एक मुलगा, चर्चमध्येच वाढलेला, गिटार वाजवणारा. त्याच रथांच्या चाकांवर त्याचा भारी विश्वास होता, कारण लहानपणी ते एका आवडत्या माणसाने सांगितलेलं. कॉलेजात गेल्यावर त्याने स्वतः शोधलं आणि काहीच हाती लागलं नाही. त्याला राग चाकांचा आला नाही. तो मला म्हणाला, "ज्यांनी मला हे सांगितलं, त्यांनीच मला कबर रिकामी होती हेही सांगितलं. मग मी आता काय समजू?" माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, आणि असायलाही नको होतं. मी फक्त ऐकून घेतलं. तो अजून शोधतोय. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

आजीचा विश्वास वाढला असेल. पण नातवाचा कोसळतो, त्याचं काय? पौलाला ही जबाबदारी माहीत होती. १ करिंथकरांस १५:१५ मध्ये तो म्हणतो, की ख्रिस्त उठलाच नसेल, तर आम्ही देवाविषयी खोटे साक्षीदार ठरतो. बघा, पौल म्हणत नाही की 'उठला नसला तरी लोकांना आशा मिळाली ना!' पुनरुत्थान झालं नसेल तर ते सांगणं हा अपराध आहे, इतका तो सत्याच्या बाबतीत कडक आहे. अशा माणसाच्या साक्षीवर उभी असलेली आपली मंडळी. आपण बनावट चाकं कशाला हवीत?

खऱ्या वस्तू काय बोलतात

आता दुसरी बाजू. पुरातत्त्वाने पवित्र शास्त्राबद्दल काहीच सांगितलं नाही, असं अजिबात नाही. खूप सांगितलंय. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. खोटी वस्तू नेमकं आपल्याला हवं तेच बोलते. खरी वस्तू, ती बनवणाऱ्याला जे बोलायचं होतं ते बोलते.

१८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या धिबान इथे एक काळा शिलालेख दिसला. तो मवाबाचा राजा मेशा याचा, २ राजे अध्याय ३ मध्ये आहे तोच. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात इस्राएलचा राजा अम्री याचं नाव आहे, आपल्या देवाचं नावही आहे. पण मेशा काय सांगतोय? आपल्या कमोश दैवताने आपल्याला इस्राएलवर विजय दिला, परमेश्वराच्या मंदिरातली पात्रं आपण लुटून कमोशापुढे ठेवली, इस्राएल कायमचा संपला. कुठल्या भक्ताने असा पुरावा तयार केला असता?

१९९३ मध्ये उत्तर इस्राएलमधल्या तेल दान इथे उत्खनन चालू असताना एका भिंतीत बसवलेल्या दगडावर अक्षरं दिसली. इ.स.पू. ९ व्या शतकातला अरामी लेख. त्यात 'दाविदाचं घराणं' असा उल्लेख आहे. दावीद ही नुसती दंतकथा आहे असं काही अभ्यासक त्या काळात म्हणत होते, त्यामुळे या दगडाने मोठी खळबळ उडाली. पण दगड लिहिणारा अरामी राजा हा दाविदाच्या घराण्याचा शत्रू. त्या घराण्यातला राजा आपण मारला, अशी फुशारकी तो मारतोय.

१९६१ मध्ये समुद्रकाठच्या कैसरियात एक दगड निघाला. रोमी काळातल्या नाट्यगृहात तो पायरीसाठी पुन्हा वापरलेला होता. त्यावर लॅटिनमध्ये पंतय पिलाताचं नाव आणि यहूदीयाचा अधिकारी म्हणून त्याचा हुद्दा. येशूबद्दल एक अक्षर नाही. पिलाताने सम्राट तिबिर्याच्या सन्मानार्थ काहीतरी बांधलं, एवढंच. ज्या माणसाचं नाव आपण प्रेषितांच्या विश्वासांगीकारात दर रविवारी घेतो, त्याला दगडावर कोरून ठेवण्यासारखं वाटलं ते आपल्या साहेबाला खूश करणारं बांधकाम!

आणि माझा सगळ्यात आवडता लेख. हिज्कीया राजाने यरुशलेमात पाणी आणण्यासाठी केलेल्या कामाचा उल्लेख २ राजे २०:२० मध्ये आहे. ५०० मीटरपेक्षा लांबीचा तो बोगदा आजही आहे, त्यातून लोक पाण्यात पाय बुडवून चालत जातात. १८८० मध्ये तिथे खेळणाऱ्या मुलांना शिलोह तळ्याजवळच्या टोकाला भिंतीवर अक्षरं दिसली. सहा ओळींचा जुना इब्री लेख. तो दगड आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात राजाचं नाव नाही, देवाचं नाव नाही. दोन टोकांकडून खणत येणाऱ्या कामगारांना शेवटच्या काही हातांवर पलीकडच्या लोकांचा आवाज कसा ऐकू आला, कुदळीला कुदळ कशी भिडली आणि पाणी कसं वाहू लागलं, एवढंच त्यात आहे. घामाघूम झालेल्या माणसांचा आनंद! कुठलाही नकली लेख बनवणारा 'हिज्कीया' हे नाव घालायला विसरला नसता.

म्हणून खऱ्या वस्तू आपल्याला प्रवचन देत नाहीत. त्या सांगतात, की हे लोक होते, ही जागा होती, हे पाणी वाहत होतं. आपला विश्वास कुठल्या हवेतल्या गोष्टीवर नाही, जमिनीवर घडलेल्या इतिहासाशी त्याचं नातं आहे, हे त्यातून कळतं. पण कबरेतून उठलेल्या प्रभूवर विश्वास ठेवायचा की नाही, हा निर्णय कुठलाच दगड आपल्यासाठी घेत नाही. कुदळ तिथपर्यंत पोचतच नाही.

'माहीत नाही' म्हणायचं धाडस

काही गोष्टी मधल्याच राहतात. २००२ मध्ये जगभर बातमी झाली की चुनखडीची एक अस्थिपेटी मिळाली आहे. पहिल्या शतकात यरुशलेमच्या आसपास मृताची हाडं काही काळाने गोळा करून अशा पेटीत ठेवत. या पेटीवर अरामी भाषेत याकोबाचं नाव, त्याचा बाप योसेफ आणि त्याचा भाऊ येशू, असा मजकूर होता. प्रभूचा भाऊ याकोब! टोरांटोच्या संग्रहालयात ती पाहायला रांगा लागल्या.

पण पेटी उत्खननात निघाली नव्हती, एका संग्राहकाकडे होती. हा फरक आपण समजून घ्यायला हवा. उत्खननात मातीचे थर असतात, शेजारी भांडी, नाणी, राख असते. वस्तू कुठल्या थरात होती त्यावरून तिचा काळ आणि संदर्भ कळतो. बाजारातून आलेली वस्तू म्हणजे पत्ता फाडून टाकलेलं पत्र. २००३ मध्ये इस्राएलच्या पुरातत्त्व खात्याच्या समितीने सांगितलं, की पेटी जुनी आहे पण तिच्यावरचा लेख बनावट आहे. संग्राहकावर खटला झाला, तो अनेक वर्षं चालला, आणि २०१२ मध्ये न्यायाधीशांनी बनावटगिरीच्या आरोपातून त्याला सोडलं. त्याच वेळी त्यांनी हेही स्पष्ट केलं, की याचा अर्थ लेख खरा ठरला असा नाही, फक्त तो खोटा असल्याचं निःसंशय सिद्ध झालं नाही. तज्ज्ञांमध्ये अजून दोन बाजू आहेत. शिवाय लेख खरा निघाला तरी याकोब, योसेफ, येशू ही त्या काळात घराघरात आढळणारी नावं होती.

मग आपण काय म्हणायचं? 'माहीत नाही.' हे दोन शब्द म्हणजे अविश्वास नाही. नवव्या आज्ञेचं पालन आहे. जेवढं माहीत आहे तेवढीच साक्ष द्यायची.

आणि जसं 'खरंच आहे' म्हणायची घाई वाईट, तशीच 'खोटंच आहे' म्हणायचीही. १८८३ मध्ये यरुशलेमचा एक दुकानदार, मोझेस शपिरा, अनुवादाच्या पुस्तकातला मजकूर असलेल्या चामड्याच्या पट्ट्या घेऊन लंडनला आला. जन्माने यहूदी, पुढे ख्रिस्ती झालेला. त्याने ब्रिटिश म्युझियमकडे १० लाख पौंड मागितले. त्याआधी त्याच्या दुकानातून विकलेली मवाबी मातीची भांडी नकली ठरली होती, त्यामुळे त्याच्यावर संशय होताच. मोठ्या अभ्यासकांनी काही दिवसांतच पट्ट्या बनावट ठरवल्या. लंडनच्या एका व्यंगसाप्ताहिकाने तो यहूदी आहे यावरूनच त्याची टिंगल करणारं चित्र छापलं. पुढच्या वर्षी रॉटरडॅमच्या एका हॉटेलात त्याने स्वतःचं जीवन संपवलं. पट्ट्या लिलावात किरकोळ भावात गेल्या आणि नंतर हरवल्या. कुमरानच्या गुंडाळ्या सापडल्यावर काही अभ्यासकांनी हा प्रश्न पुन्हा उघडला. बहुतेकांना त्या आजही बनावटच वाटतात, काहींना खऱ्या. पण मूळ पट्ट्याच नाहीत, मग तपासणार काय?

त्या पट्ट्या खोट्या असतीलही. पण एका माणसाची जातीवरून थट्टा करणं हा सत्याचा शोध नव्हता. सत्याच्या बाजूने उभं राहतानाही हात स्वच्छ हवेत. घरच्या ग्रुपवर काकांनी काही पाठवलं की त्यांना चारचौघांत उताणं पाडण्यात आपल्याला जी मजा येते, तिचीही इथे झडती होते बरं का!

आणि खरी वस्तूसुद्धा देव नाही

आता समजा, एखादी वस्तू शंभर टक्के खरी निघाली. मग?

२ राजे १८:४ वाचा. रानात मोशेने बनवलेला पितळी सर्प शेकडो वर्षांनंतर हिज्कीयाच्या काळापर्यंत टिकून होता. खुद्द मोशेच्या हातचा. देवाच्या आज्ञेने घडवलेला. त्याच्याकडे पाहून माणसं जगली होती. आज तो सापडला असता तर कुठल्या संग्रहालयाने किती पैसे दिले असते, कल्पना करा. पण लोक त्याला धूप जाळू लागले होते. हिज्कीयाने तो फोडून तुकडे तुकडे केला, आणि शास्त्र त्याबद्दल त्याची प्रशंसाच करतं.

म्हणजे बोगदा खणून ठेवणारा हाच राजा आणि सर्प फोडणाराही हाच. पाण्याचा बोगदा राहिला, कारण तो तहान भागवत होता. सर्प गेला, कारण तो देवाच्या जागी बसला होता. वस्तू खरी आहे की खोटी, हा पहिला प्रश्न झाला. ती माझ्याकडून काय करून घेते, हा दुसरा. पुराव्यांचे व्हिडिओ बघण्यात माझा जितका वेळ जातो, तितका शास्त्र उघडण्यात जातो का, हे मी स्वतःलाही विचारते.

याचा अर्थ पुरावा मागूच नये, असा नाही. थोमाने मागितला तेव्हा प्रभूने दार लावून घेतलं नाही. तो आला, आणि आपले हात आणि कूस पुढे केली. बिरुयाच्या लोकांनी तर पौलाचंही बोलणं रोज शास्त्रात तपासून पाहिलं, आणि लूक त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो. आपल्या मातीतही हे उदाहरण आहे. पंडिता रमाबाई आधीच संस्कृतच्या पंडिता. तरी मराठी माणसाला वचन नीट कळावं म्हणून त्या मुळाशी गेल्या, इब्री आणि ग्रीक शिकल्या, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून आयुष्याची शेवटची वर्षं अनुवादाला दिली. तपासणं, पडताळणं, मुळापर्यंत जाणं हीसुद्धा भक्ती आहे.

ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट आठवा. बेचाळिसाव्या अध्यायात देव बोलतो तेव्हा तो कुणावर रागावतो? प्रश्न विचारणाऱ्या, रडणाऱ्या, देवाशी वाद घालणाऱ्या ईयोबावर नाही. देवाचं वकीलपत्र घेतलेल्या त्या तीन मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी माझा सेवक ईयोब याच्यासारखं यथार्थ बोलला नाहीत, असं तो त्यांना सुनावतो. आणि मग त्याच मित्रांसाठी ईयोबाला प्रार्थना करायला लावतो. किती सुंदर आहे हे! ज्याच्याविरुद्ध पुरावा रचला, त्याच्याच प्रार्थनेने त्यांची सुटका झाली.

आजसाठी एक छोटी गोष्ट करू या. पुढचा 'बायबल खरं ठरलं!' असा मेसेज आला, की पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही वस्तू उत्खननात मिळाली की बाजारात? कुणी स्वतंत्रपणे तपासली का? आणि ती खरी असली तर नेमकं किती सिद्ध करते? उत्तरं मिळाली नाहीत तर मेसेज तिथेच थांबू द्या. आणि आजीला तो आधीच आवडला असेल, तर तिला खोडून काढू नका. तिच्याजवळ बसा, आणि शिलोहाच्या बोगद्यातल्या त्या कामगारांची गोष्ट सांगा. मग योहानाचा नववा अध्याय तिला वाचून दाखवा. त्याच शिलोह तळ्यात डोळे धुऊन आलेल्या त्या आंधळ्या माणसाला शास्त्री-परुशी खोदून खोदून विचारत होते, तेव्हा त्याने किती मोजकी साक्ष दिली बघा. जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाला. जे आपल्याबाबतीत घडलं होतं, तेवढं ठामपणे सांगितलं. साक्ष अशीच असते.

प्रार्थना

प्रभू येशू, तू स्वतः सत्य आहेस. तुझ्यासाठी म्हणून आमच्या तोंडून खोटं निघू देऊ नकोस. आम्हाला तपासण्याचं धैर्य दे, 'माहीत नाही' म्हणण्याची नम्रता दे, आणि चुकणाऱ्याला सांभाळून घेणारी जीभ दे. ज्यांचा विश्वास आमच्या अर्धवट बोलण्याने दुखावला, त्यांना तू स्वतः भेट. आमेन.

उद्या भेटू, ईयोब १४ मध्ये. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो!